उणे नऊ

वसमत रोडच्या बर्फखान्यात
मे महिन्यात मी स्वेटर घालतो.
हसू नका. बाहेर परभणी
रात्री अकरालाही तव्यासारखी तापलेली,
आणि आत, फळ्यांखाली, मिठाच्या पाण्यात
तीनशे डबे हळूहळू घट्ट होत असतात.

पुस्तक रद्दीत सापडलं.
पहिली तीस पानं नाहीत,
शेवटची किती नाहीत ते कळायला मार्ग नाही.
एकतिसाव्या पानावर जहाज रुतलेलंच होतं.
कुठल्या देशाचं, कुणी पाठवलं, कशाला गेलं,
काही पत्ता नाही.
एकोणीस माणसं, कुत्रे, पिठाची पिंपं
आणि चार महिने न उगवणारा सूर्य.

दस्तगीरचाचाला अक्षरं येत नाहीत, आकडे येतात.
दर तासाला तो रजिस्टरात टाकीचं तापमान लिहितो,
वीज गेली तर पुढं फुली.
वादळात तारा तुटल्या त्या साली
एका पानावर चौदा फुल्या आहेत:
उणे नऊ, फुली. उणे आठ, फुली.
उणे आठ, फुली. उणे सहा...
मालक म्हणाला होता, मशीनच बंद, तर लिहायचं काय?
चाचा म्हणाला, बंद आहे, हेच.

म्हणून त्याला तो कोळसेवाला आवडला.
बॉयलर विझला, कोळसेवाल्याला काम उरलं नाही,
तर कप्तानानं त्याला घड्याळाला चावी द्यायला बसवलं.
बाहेर सकाळ नाही, दुपार नाही,
लाकूड कडाकडा वाजतंय, बर्फ जहाजाला
आडकित्त्यात सुपारी धरावी तसं धरून बसलाय,
आणि हा आठ वाजता उठतो,
हातमोजा काढतो,
बोटं काळी पडलीत तरी मोजून बारा वेळा पिळतो.
"बारा?" चाचानं विचारलं.
बारा.
"बराबर हाये. तेराव्याला स्प्रिंग तुटती."

पुढच्या पानावर त्यांनी कुत्रे खाल्ले.
मी जरा घाईनं वाचलं.
"नावं होती का त्यांना?"
होती, म्हणालो.
चाचा उठला, डब्यातली उरलेली भाकर घेऊन
अंगणात गेला, बराच वेळ आला नाही.

अडीचला गेटशी ऑटो थांबला.
उतरलेला माणूस शर्टाची बटणं चुकवून आला होता.
चार लाद्या पाहिजेत म्हणाला.
मग म्हणाला, आई.
मग म्हणाला, बहीण सिकंदराबादहून निघालीय,
गाडी साडेनऊला येते, लेट नाही झाली तर.

डबे उपसले, गरम पाण्यात बुडवले, लाद्या सुटल्या.
चाचानं पोत्यात भुसा भरला,
लादीला बाळ गुंडाळावं तसं गुंडाळलं.
"पंखा लावू नका, वारं लागलं की लवकर पघळतो.
खाली परात ठेवा. दोन आत्ता, दोन पहाटे."
"साडेनऊपर्यंत टिकेल?"
चाचानं आभाळाकडं बघितलं, तिथं काहीच नव्हतं.
"दहापर्यंत टिकतो," म्हणाला.
पैसे घेतले नाहीत.
या कामाच्या बर्फाचे तो घेत नाही,
मालकाला फुटलेल्या लाद्या म्हणून सांगतो.

ऑटो गेला. रस्त्यावर
पाण्याची एक रेघ, लगेच वाळली.

"मंग? निघालं का जहाज?"
माझ्या हातात शेवटचं पान होतं.
कोळसेवाला उठून बसलाय, मोजा काढतोय,
वाक्य हायफनवर तुटलंय.
पुढं शिवणीचा दोरा.
निघालं म्हणावं, असं मनात आलं.
तोंडातून आलं, पानं नाहीत.

चाचा काही बोलला नाही.
चष्मा पुसला, तीन वाजले होते,
रजिस्टर ओढलं:
उणे नऊ.
थोडं थांबून बाजूला, कधी काढत नाही तशा,
चार बारक्या रेघा काढल्या.

"पयल्यापासून वाच," म्हणाला.
मी एकतिसावं पान उघडलं.